रोषणाई समितीस: लावण्याचे ठरले, उतरवण्याचे काय?

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सभासद,
दिवाळी-नाताळ रोषणाई समिती,
आपला वाडा, माळा, पणजी.

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या बैठकीला मला येता आले नाही, पण तिथे काय ठरले ते सोमवारी सकाळी पोदेराने पावांबरोबरच घरपोच दिले. यंदा रोषणाई आपली मुले करणार नाहीत, पैसे मोजून बाहेरचा लायटिंगवाला आणायचा. तीन कोटेशने आली आहेत आणि सर्वांत स्वस्त ३४ हजारांचे आहे, म्हणून तेच जवळजवळ पक्के झाले आहे.

पहिला निर्णय उत्तम. दुसऱ्याबद्दल लिहितो आहे. व्हॉट्सॲपवर लिहिले तर त्याखाली अंगठे आणि फुले येतील आणि विषय संपेल, म्हणून हे पत्र मारुतीच्या देवळाकडे चढणाऱ्या पायऱ्यांपाशी फलकावर लावतो आहे. ज्यांनी वर्गणी दिली त्या सर्वांना ते वाचता यावे.

माझा अधिकार काय, असे नवीन मंडळी विचारतील. मी २८ वर्षे आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवला. आज पणजीत मंडपांवर, हॉटेलांवर माळा चढवणाऱ्यांपैकी निदान काहीजणांनी पहिला जॉइंट माझ्यासमोर मारला आहे, आणि बहुतेकांनी तो चुकीचा मारला म्हणून माझ्याकडून ऐकून घेतले आहे.

आधी गेल्या वर्षाचे बोलू, कारण ते कोणी बोलत नाही. ८ डिसेंबरच्या फेस्ताची आदली संध्याकाळ. वर चर्चच्या नागमोडी पायऱ्या उजळलेल्या, आणि आपला वाडा अंधारात म्हणून सगळ्यांना घाई. पायरीच्या उतारावर शिडी लावली. शिडीचा एक पाय वरच्या पायरीवर, दुसऱ्याखाली चिऱ्याचा तुकडा. मी बल्कांवातून, म्हणजे घरापुढच्या ओट्यावरून, ओरडलो. उत्तर आले, "कांय जावचें ना, मास्तर." म्हणजे काही होणार नाही. पाच मिनिटांनी तो मुलगा खाली होता आणि त्याचे मनगट दोन ठिकाणी मोडले होते. तो भजनात पखवाज वाजवतो. फेब्रुवारीतल्या मारुतीच्या जत्रेपर्यंत त्याचा हात धड वळत नव्हता. प्लास्टरचा खर्च वर्गणीतून दिला गेला, हे चांगले झाले. पण जमाखर्चात तो 'किरकोळ' या सदराखाली लिहिला आहे. मी स्वतः वाचले.

म्हणून यंदा काम जाणत्या माणसाकडे द्यायचे, हे योग्यच. मात्र पैसे दिले म्हणून माणूस जाणता ठरत नाही. ३४ हजारांत तुम्ही आपल्या मुलाच्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा त्याच शिडीवर चढवणार असाल, तर आपण फक्त मनगट बदलले.

तिन्ही कोटेशने मी खजिनदारांकडून मागून पाहिली. पहिले एका ओळीचे आहे: 'लायटिंग ठोक, ३४,०००.' बाकी कागद कोरा. दुसरे ४७ हजारांचे. त्यात माळांची लांबी मीटरमध्ये दिली आहे, किती माणसे येतील ते आहे, आणि 'रोज संध्याकाळी एक फेरी' असे शब्द आहेत. तिसरे ५५ हजारांचे, रंगीत छापलेले, पानभर फोटो, पण कामाचा तपशील पहिल्याएवढाच. माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. पण त्यालाही काही प्रश्न विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

वीज कुठून घेणार, हा पहिला प्रश्न. खांबावरून किंवा कुणाच्या सर्व्हिस वायरवरून आकडा टाकणे म्हणजे चोरी. वीज कायदा २००३, कलम १३५, तीन वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. आपण सज्जन माणसे आहोत, आकडा टाकत नाही. आपण काय करतो, तर तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हॉलमधल्या प्लगातून एक्स्टेन्शन ओढतो, त्यातून दुसरे, त्यातून तिसरे, आणि शेवटच्यावर ऑम्लेट-पावाच्या गाड्याचे दिवेही लागतात. तिचे घर पोर्तुगीज काळातले, वायरिंगही फारसे तरुण नाही. वीज खात्याकडून तात्पुरते कनेक्शन घ्या. त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, आणि इथेच खरा लायटिंगवाला आणि हौशी यांच्यातला फरक दिसतो. पहिल्याला हा कागद म्हणजे काय ते ठाऊक असते. दुसरा म्हणतो, "त्याची काय गरज?"

लोड किती, हेही तुम्हीच मोजून पाहा, सोपे आहे. शंभर दिव्यांची साधी एलईडी माळ साधारण आठ वॉट धरा. १२० माळा लावल्या तरी ९६० वॉट. रोज सहा तास जळल्या तरी सहा युनिटदेखील होत नाहीत. मग गेल्या वर्षी फ्यूज का उडत होता? कोपऱ्यावर सहा हॅलोजन होते म्हणून. पाचशे वॉटचा एक, म्हणजे तीन हजार वॉट, म्हणजे १३ अँपिअर. एवढा करंट बारीक वायरीतून सहा तास गेला तर वायर माळेपेक्षा जास्त गरम होते, दिसत मात्र नाही. हॅलोजन नकोत असे कोटेशनमध्ये लिहून घ्या. शंभर वॉटच्या एलईडी फोकसात जवळपास तेवढाच उजेड मिळतो.

आता ज्याच्यावर मी वर्गात चार तास घालवायचो ते. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, बसवला की आपण सुरक्षित, असा पुष्कळांचा समज आहे. दहा अँपिअरचा एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. माणसाच्या अंगातून पन्नास मिलीअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो, आणि एमसीबीच्या लेखी ते काहीच नाही, तो ढिम्म बसून राहतो. माणसासाठी आरसीसीबी लागतो, तीस मिलीअँपिअरचा. आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला, म्हणजे कुठूनतरी गळती झाली, की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत सर्किट तोडतो. लायटिंगवाल्याच्या बोर्डावर तो आहे का, ते पाहायला इंजिनियर लागत नाही. त्यावर 'टी' लिहिलेले छोटे बटण असते. दाबले की खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर बोर्ड परत गाडीत भरायला सांगा. अर्थिंग कुठे केले आहे, तेही बोट दाखवून विचारा. लोखंडी फाटकाला 'मुंग्या येतात' अशी तक्रार गेल्या वर्षी दोन शाळकरी मुलींनी केली होती. मोठ्यांनी ती हसण्यावारी नेली. मुंग्या नव्हत्या त्या.

आणि माळा. बाजारातल्या स्वस्त माळेच्या कंट्रोलरची डबी एकदा उघडून बघा. आत ट्रान्सफॉर्मर नसतो. घरातली २३० व्होल्टची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, तिथल्या तिथे सरळ करून माळेत सोडलेली असते, तिचे शिखर सव्वातीनशे व्होल्टवर जाते. दिवा तांदळाएवढा म्हणून वीजही तेवढीच, असे वाटते, ते खोटे. एखादा दिवा फुटून तार उघडी पडली, की ती तार म्हणजे थेट प्लगच. उंचावर, कौलांच्या कडेला अशा माळा एक वेळ चालतील. पण कठड्यांवर, पायऱ्यांच्या कडेने, नाताळच्या गोठ्याभोवती, जिथे मुलांचा हात पोचतो, तिथे बारा किंवा चोवीस व्होल्टच्याच माळा हव्यात. त्यांचा पुरवठ्याचा डबा उंच आणि कोरड्या जागी. हे थोडे महाग पडते. ४७ हजारांत बसत नसेल तर माळा कमी करा. पाकिटावर भारतीय मानक ब्युरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून वजनावर आणल्यासारख्या आणलेल्या माळांवर तो सापडणार नाही.

आपल्या हवेचे वेगळे सांगायला नको. मांडवी इथून फार लांब नाही. खारा वारा तांब्याच्या उघड्या टोकाला आठवड्याभरात हिरवे करतो. ऑक्टोबरात पाऊस परतताना संध्याकाळी गडगडाट करून जातो, मग दंव पडू लागते, आणि काळी टेप दुपारच्या उन्हात सुटून सकाळच्या दंवात भिजते. असा जॉइंट पंधरा दिवस टिकला तर नवस फेडावा. कनेक्टर बाहेर वापरण्याजोगे हवेत. त्यांवर आयपी लिहून दोन आकडे असतात. ४४ असेल तर उडालेले शिंतोडे झेलतो, ६५ असेल तर धूळ आत जात नाही आणि पाण्याची धारही सोसतो. पायऱ्यांच्या उघड्या भागात मला ६५ हवा, पडवीत ४४ चालेल.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. तिथे हा चक्क धंदा आहे. नाताळच्या आधी कंपनीची माणसे येतात, छपराची कडा फुटाने मोजतात, तेवढीच माळ कापतात, खिळा न ठोकता क्लिपांवर बसवतात, मध्ये काही विझले तर फोनवर येऊन बघतात, जानेवारीत उतरवतात आणि घराचे नाव लिहिलेल्या खोक्यात भरून आपल्याच गोदामात ठेवतात. मी त्याला म्हटले, श्रीमंतांचे चोचले. तो म्हणाला, मामा, इथे सणाच्या दिवसांत सजावट करताना रोज सुमारे १६० माणसे जखमी होऊन दवाखान्यात जातात, असे सरकारचीच ग्राहक-सुरक्षा संस्था सांगते. जवळजवळ निम्मी पडून. म्हणजे 'कांय जावचें ना' म्हणणारे तिथेही आहेत, इंग्रजीत. नाताळच्या झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले तेही तिकडेच, १८८२ साली न्यूयॉर्कला. एडिसनच्या सहकाऱ्याने, एडवर्ड जॉन्सनने, आपल्या घरातल्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले. आपण मात्र अजून शिडीखाली चिऱ्याचा तुकडा ठेवतो.

शिडीचा नियम, ओघात आलाच म्हणून: चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर. खाली एक माणूस धरायला, मोबाईल खिशात. उतारावर शिडी लावायचीच नाही, मचाण बांधायचे. लायटिंगवाल्याला विचारा, मचाण आणणार का. त्याच्या चेहऱ्यावरून बरेच कळेल. त्याच्या माणसांचा विमा आहे का, तेही विचारा. नसेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, १८ ते ७० वयाच्या, बँकेत खाते असलेल्या कुणालाही. त्याने ठेकेदाराची जबाबदारी संपत नाही. पण २० रुपयेदेखील ज्याने आपल्या माणसावर खर्च केले नाहीत, तो आपल्या भिंतींची काय काळजी घेणार?

भिंतींवरून आठवले. आपल्या पलीकडच्या फोंताइन्यांत लोक जगभरातून घरे पाहायला येतात, आणि आपल्याकडेही चुन्याच्या गिलाव्याची काही घरे उरली आहेत. त्यांत खिळा ठोकला की टोपलीभर चुना खाली येतो. कौलांचे तसेच. मंगळुरी कौलांवर कुठे पाय ठेवायचा हे शाकारणाऱ्याला कळते, लायटिंगवाल्याच्या पोराला नाही. गेल्या वर्षी फुटलेली कौले जूनमध्ये कळली, पहिल्या पावसात, आमच्या जेवणाच्या ताटात. कोटेशनमध्ये एक ओळ घाला: खिळा नाही, कौलांवर पाय नाही, फुटले तर भरपाई.

झाडांना माळा गुंडाळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. यावर समितीत भांडण होईल, होऊ द्या. इफ्फी हा चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत आहे, आणि नोव्हेंबरात कांपालची झाडे उजळलेली पाहून आपल्यालाही वाटते की आपला आंबा तसा दिसावा. पण आंब्याला डिसेंबर-जानेवारीत मोहर येतो, त्यावर वटवाघळे आहेत, घुबडाची एक जोडी आहे. त्यांनी रात्री काय करावे? मुंबई उच्च न्यायालयात २०२४ साली झाडांवरच्या रोषणाईविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली होती, म्हणजे हे खूळ एकट्या माझ्या डोक्यात नाही. माडावर माळ चढवायला तर आपण पाडेल्याला बोलावले होते. तो बिचारा नारळ उतरवणारा माणूस, दातांत वायर धरून चढला. तेव्हा वायर चालू नव्हती, एवढेच आपले नशीब.

रात्री अकराला टायमरने सगळे बंद व्हावे, हेही लिहून घ्या. ध्वनिक्षेपकाला दहाची मर्यादा आहे, दिव्यांना कुठलीच नाही, आणि ज्यांच्या खिडकीसमोर लाल-हिरवे रात्रभर लुकलुकते त्यांनी तक्रार केली की ती माणसे सणाच्या विरुद्ध ठरतात.

घाई का करा म्हणतो, तेही ऐका. चवथ संपली, दसरा तोंडावर आहे. चांगले लायटिंगवाले आता दिवाळीच्या आकाशकंदिलांत आणि नरकासुरांच्या देखाव्यांत अडकतील. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू. मग इफ्फी, ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त, ८ तारखेचे आपल्या चर्चचे, नाताळ, ३१ डिसेंबरच्या पार्ट्या. डिसेंबरात मोकळा सापडणारा लायटिंगवाला का मोकळा आहे, याचा विचार करावा. आपण दिवाळीपासून नववर्षापर्यंत एकच करार केला, माळा एकदाच चढवल्या आणि मधल्या काळात फक्त आकाशकंदिलाच्या जागी तारे आले, तर त्याचेही काम वाचते आणि आपलेही पैसे. दिवाळीची समिती वेगळी आणि नाताळची वेगळी असे आपल्या वाड्यात कधी नव्हते. शिडी एकच होती.

माझ्याकडून पैसेही ऐका, नुसता सल्ला नको. ३४ आणि ४७ यांत फरक १३ हजारांचा. वाड्यात ५२ घरे आहेत, घरामागे अडीचशे रुपये. नरकासुराच्या साउंडवर आपण कितीतरी जास्त घालवतो, आणि त्या रात्री कुणीही तीन कोटेशने मागत नाही.

राहिले उतरवण्याचे. तिन्ही कोटेशनांत तो शब्दच नाही. चढवायला सगळे येतात, ढोल असतो, चहा-भजी असतात, फोटो निघतात. उतरवायला ६ जानेवारीनंतर कोणी नसते. गेल्या वर्षी माळा मार्चपर्यंत लोंबत राहिल्या, शिगमोत्सवाचे रोमटामेळ त्यांच्याखालून गेले, मग कुणीतरी खालून ओढून तोडल्या आणि अर्ध्या तिथेच राहिल्या. पावसात त्यांतली एक सर्व्हिस वायरवर पडली, १९१२ वर फोन करून लाइनमन बोलवावे लागले, आणि भर पावसात ते आमच्या हौसेचे अवशेष काढत बसले. म्हणून रकमेतला चौथा हिस्सा हातात ठेवा, माळा उतरवून, मोजून, गुंडाळून खोक्यात भरल्यावरच द्या. खोकी ठेवायला आमच्या घराची मागची खोली रिकामी आहे, कोरडी आहे, उंदीर नाहीत. भाडे नको.

पुढच्या रविवारी बैठकीला मी येतो. टेस्टर आणि वायरींचे इन्सुलेशन तपासणारा मेगर घेऊन येतो, शिडीवर मात्र चढणार नाही, गुडघ्यांनी राजीनामा दिला आहे. त्या पखवाजवाल्या मुलालाही समितीत घ्या. मनगट आता बरे आहे, आणि वाड्यात शिडीबद्दल सर्वांत जास्त त्यालाच कळते.

आणि एक. आंब्याच्या वरच्या फांदीवर गेल्या नाताळचा कागदी तारा अजून अडकलेला आहे. कागद गेला, सांगाडा आणि वायर राहिली. ज्याला काम द्याल त्याला पहिल्या दिवशी, बाकी काहीही चढवण्याआधी, तो तारा उतरवायला सांगा. तो ते काम कसे करतो, हे मी खालून बघेन.

आपला,
वायरमन मास्तर
माळा, पणजी